साखरेऐवजी स्टीव्हिया: कुठली घ्यावी? (नेरूळ, बजेट महिना २००)

नेरूळचा_अमोल
आईची (६८) एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ७.९ आली. गोळ्या चालू आहेत. भात कमी केला, गोड बंद केलं, पण चहा सुटत नाही. दिवसाला चार कप, दुधाचा, आलं ठेचून. बिनसाखरेचा दिला तर "हा काढा मला का?" म्हणते. काचेच्या डबीतल्या गोडव्याच्या गोळ्या नकोत, "झाडाचं काही असेल तर बघू" असा हुकूम निघालाय. स्टीव्हिया (गोड पानांचं रोप, त्याचाच अर्क विकतात) वापरणाऱ्यांनी सांगा, पुडी, थेंब की पानं? महिन्याला दोनशेच्या वर जायचं नाही.

घोडबंदरची_सुमेधा
डोळे झाकून मंकफ्रूट (एका चिनी फळाचा गोडवा) घ्या! कडवटपणा औषधालाही नाही. आमची बरणी साडेबाराशेची आहे, पण पुरते. आमचे हे आधी सिंगापूरहून आणायचे, आता घरपोच येते. तब्येतीपुढे पैसे काय बघायचे?

नेरूळचा_अमोल
ताई, दोनशे.

तात्या_नौपाडा
ही सगळी फॅडं. गूळ घाला, गूळ. जांभळी नाक्यावर चांगला मिळतो, बिनरसायनाचा, काळपट बघून घ्यायचा. माझे वडील आयुष्यभर गुळाचा चहा पीत ९१ वर्षं जगले.

कोरा_चहा
तात्या, गुळात बहुतांश साखरच असते. रक्तातली शुगर वाढवण्यात दोघं सख्खे भाऊ. आणि तुमचे वडील शेतात राबत असतील. आपण पहिल्या मजल्याला लिफ्ट बोलावतो.

तात्या_नौपाडा
आमच्या बिल्डिंगला लिफ्टच नाही.

पुडीवाला_वाशी
मुद्द्याचं बोलतो. खोक्यावर हिरवं पान छापलंय म्हणून घेऊ नका, मागची बारीक अक्षरं वाचा. घटकांच्या यादीत जे जास्त ते आधी लिहिलेलं असतं. स्टीव्हिया साखरेच्या दोनशे-तीनशे पट गोड, त्यामुळे पुडीत ती चिमूटभरच, बाकी भर. भर डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिनची असेल (दोन्हींनी शुगर वाढते) तर मधुमेहाच्या माणसाला ती पुडी घेण्यात अर्थ कमी. एरिथ्रिटॉल असेल तर शुगर वाढत नाही, पण जिभेला गार लागतं. घटकांपुढचे कोड आकडेही बघा: ९६० म्हणजे स्टीव्हिया, ९६८ एरिथ्रिटॉल. ९५५ दिसलं तर ते सुक्रालोज, कृत्रिम गोडवा, म्हणजे आईंना नको तेच. मला पानाचं चित्र बघून घेतलेल्या खोक्यात ९५५ निघालं होतं. दुकानदार म्हणाला, "साहेब, शुगर फ्रीच आहे ना?"

वसुधा_पाककृती
थेंब घ्या. चहा गाळल्यावर कपात एक थेंब, ढवळा, चाखा, मग दुसरा. एकदम तीन घातले की ज्येष्ठमध चघळल्यासारखी चव घशात बसते ती रात्रीपर्यंत. आलं आणि वेलची असली की बरीच झाकली जाते. पण पदार्थात घालायला जाऊ नका हं. मागच्या नारळी पौर्णिमेला मी वड्या केल्या. पाकच होईना! तार नाही, चिकटपणा नाही, खोबरं आपलं मोकळंच. शेवटी कणीक मळून सारण म्हणून भरलं, जाऊबाई अजून बोलून दाखवतात.

घोडबंदरची_सुमेधा
म्हणूनच म्हटलं, मंकफ्रूट.

वसुधा_पाककृती
त्याचाही पाक होत नाही, सुमेधाताई.

मी_ठाणेकर
ज्येष्ठमधावरून आठवलं, सरळ त्याचीच कांडी चहात टाका. दहा रुपयांत काम!

कोरा_चहा
रोजच्या चार कपांत नको. ज्येष्ठमध जास्त झाला की बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. आईंना बीपीची गोळी असेल तर अजिबात नाही.

अभ्यासू_ऐरोली
जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितलंय की वजन कमी करण्यासाठी असले गोडवे वापरू नका. त्यात स्टीव्हियाही आली. मात्र तो सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही. मर्यादा म्हणाल तर शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज ४ मिलिग्रॅम, स्टेव्हिऑलच्या (स्टीव्हियातल्या गोड घटकांच्या मूळ द्रव्याच्या) हिशेबात. चार कपांत तिथवर पोचणं कठीण. ही मर्यादा शुद्ध अर्काची आहे, कुंडीतल्या पानांची नाही.

सीवूड्सची_नर्स
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. शुगरच्या काही गोळ्यांनी, इन्सुलिनने तर नक्कीच, शुगर अचानक उतरू शकते. घाम, थरथर, गरगरणं. तेव्हा स्टीव्हियाचा चहा देऊन उपयोग शून्य, खरी साखर किंवा ग्लुकोजच लागतं. साखरेचा डबा घरातून हद्दपार करू नका. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

तात्या_नौपाडा
तेच म्हणतोय मी, गूळ ठेवा.

पुडीवाला_वाशी
जांभळी नाक्यावर गाडी कुठे लावता तात्या?

तात्या_नौपाडा
लावत नाही. चालत जातो. म्हणून शुगर नाही.

नेरूळचा_अमोल
सर्वांचे आभार, नर्सताईंचे विशेष. फ्रिजवर चिठ्ठी चिकटवलीय. थेंबांची बाटली ऑर्डर करणारच होतो, पण आईने सकाळी स्टेशनबाहेरच्या रोपवाल्याकडून परस्पर स्टीव्हियाचं रोप आणलं, ऐंशी रुपयांना. पान तिथेच चावून बघितलं म्हणे. आता चहाबरोबर दोन पानं उकळते आणि शेजारच्या काकूंनाही बोलावते. बाटली रद्द. पानांचं डॉक्टरांना विचारतो.

गच्चीवरची_बाग
मग विचारलंत कशाला! असो. कुंडीत पाणी साचू देऊ नका, आपल्याकडच्या जुलैत मुळं कुजतात, खिडकीच्या आत घ्या. आणि शेंडे खुडत राहा. फुलं धरली की पानांची गोडी उतरते. फांदी मोडली तर मातीत खोचा, बी सहसा उगवत नाही.