नॅनोचा कीयर ४० मीटरवर जास्तीचे डिट टाकतो

प्रश्न (इंदूर): हॅम रेडिओच्या ४० मीटर पट्ट्यावर मोर्स पाठवायला आर्डुइनो नॅनोवर (छोटा कंट्रोलर बोर्ड) आयंबिक कीयर केलाय, म्हणजे दोन पॅडलांवरून डिट (टिंब) आणि डॅश (रेघ) आपोआप बनवणारं सर्किट. ट्रान्समीटर ५ वॉटला असताना व्यवस्थित. ५० वॉटला पॅडल सोडल्यावरही मधूनच डिट जातात. पॅडलची वायर दीड मीटर, शील्ड नाही. प्रोग्रॅममध्ये गडबड असेल का?

उत्तर (वडोदरा): प्रोग्रॅम नाही, आरएफ (ट्रान्समीटरचे रेडिओ तरंग) शिरतंय. पॉवर वाढवल्यावरच होतंय, म्हणजे निदान झालंच. नॅनोचे आतले पुल-अप (पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरणारे रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचे, फार कमकुवत. लांब वायर अँटेनाच होते. दोन्ही पॅडल पिनांवरून ५ व्होल्टला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावा. शिवाय प्रत्येक लाइनवरून ग्राउंडला ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, वर १०३ छापलेला. तो जॅकच्याच टॅगवर सोल्डर करा, पाय अगदी आखूड ठेवून. दूर बोर्डावर लावलात तर आरएफ आधीच डब्यात आलेलं असतं. वायर शील्डेड हवीच. इंदूरच्या जेल रोडच्या बाजारात माइकची दोन तारांची मागा.

उत्तर (ग्वाल्हेर): यूएसबी काढून बॅटरीवर चालवून बघा. डिट थांबले तर आरएफ त्या वाटेने येतंय. मग यूएसबी वायरचे आठ-दहा वेढे फेराइट रिंगवर घाला.

प्रश्नकर्ता: शील्ड आणि कपॅसिटरने डिट थांबले, आभार! पण दुसऱ्या रेडिओला लावला तर सलग डॅश सुटतात. आउटपुटला २एन२२२२ ट्रान्झिस्टर, बेसला १ किलोओहम आहे.

उत्तर (वडोदरा): ट्रान्झिस्टर ठीक आहे. त्या रेडिओचा आतला कीयर चालू असणार. मोनो प्लग घातला की जॅकमधली रिंग (डॅशच्या पॅडलचा संपर्क) ग्राउंड होते, रेडिओला वाटतं डॅशचं पॅडल दाबून धरलंय. मेनूत ‘स्ट्रेट की’ (साधी मोर्स की) निवडा.