बाळ यायच्या आधी तुम्ही नेमकी कसली तयारी केली होती?

घोडबंदरचा_प्रवासी
काल ऑफिसमधला एक पोरगा ठाणे स्टेशनच्या पुलावर मला गाठून विचारत होता, "दादा, डिसेंबरची तारीख दिलीय. काय काय तयारी करू?" मी म्हटलं पाळणा बघून ठेव आणि सटकलो. पण झोपताना तोच प्रश्न डोक्यात.

आमची मोठी २०११ ची. तेव्हा आम्ही कासारवडवलीला नवीन, आणि नाव घातलेलं नर्सिंग होम नौपाड्यात. मी काय तयारी केली असेल? रस्त्याची! बाईकवर तीनदा रंगीत तालीम. रात्री दोनला बावीस मिनिटं, संध्याकाळी सातला एक तास दहा. वही केली होती, खरंच. कॅडबरीचा सिग्नल टाळायचा असेल तर कुठून वळायचं वगैरे. आणि हिला कळा कधी सुरू झाल्या? दहीहंडीच्या दिवशी दुपारी. ठाण्यातली दहीहंडी ज्यांनी पाहिलीय त्यांना पुढचं सांगायला नको. वही खिशात, रिक्षा ट्रकांच्या मागे. शेवटी दह्याने माखलेली चार पोरं रिक्षापुढे ओरडत धावली, "डिलिव्हरी हाय, साइड द्या!"

आता जे कधी बोललो नाही ते. नर्सने मुलगी हातात दिली आणि मला काहीच वाटलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत म्हणून हसलो. पुढचे दोन-अडीच महिने मनात एकच धास्ती, आपल्यात काहीतरी कमी आहे. लंगोट बदलायचो, रात्री फेऱ्या मारायचो, पण नोकरी केल्यासारखं. मग एकदा लाइट गेली होती, ही अंघोळीला, मी विजेच्या बिलानेच तिला वारा घालत होतो. तिला शिंक आली आणि स्वतःच्याच शिंकेने ती इतकी दचकली की मला हसू फुटलं. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा ती ओळखीची वाटली.

हे त्या पोराला कसं सांगायचं? तुम्ही लिहा. सामानाची यादी नको, ती नेटवर ढीगभर आहे.

कोपरीचा_गणू
दहीहंडीला तारीख येतेय हे नऊ महिने आधी कॅलेंडरात दिसत नव्हतं का दादा 😄

घोडबंदरचा_प्रवासी
तारीख दहा दिवस पुढची होती रे.

नेरूळची_काकू
आमच्या वेळी तयारी म्हणजे जुन्या सुती नऊवारीची दुपटी शिवणे. बास. भावनिक तयारी सासूबाई करायच्या, टोमणे मारून मारून. पीठ मळतेय, नंतर लिहिते सविस्तर.

अबोली_ऐरोली
वाचून रडूच आलं. आता माझं ऐका.

माझी आई लग्नाच्या दोन वर्षं आधी गेली. सातवा लागला तसं जो तो विचारायचा, "पहिलंच ना? मग माहेरी जाणार असशील." लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, सोनोग्राफीच्या रांगेत. काय उत्तर द्यायचं याचीच मी तयारी करत होते. सासूबाई स्वतःच गुडघ्यांनी बेजार. आईचे डिंकाचे लाडू कुठे लिहून ठेवलेले नव्हते.

बाबा चिपळूणहून आले, हातात स्टीलचा डबा. स्वतः लाडू करून आणलेले. दगड! मिस्टरांनी खलबत्त्यात फोडले, मी दुधात भिजवून खाल्ले. दोन महिने राहिले बाबा. घर वन बीएचके, बाळ दर दोन तासांनी दूध मागणार. बाबा प्रत्येक वेळी उठायचे, "जरा पेपर आणतो" म्हणायचे आणि खाली वॉचमनच्या केबिनमध्ये जाऊन बसायचे. दिवसाला आठ पेपर. घरात एकही आला नाही, आणि आम्ही कुणीही कधी विचारलं नाही. वॉचमन अजून विचारतो, "आजोबा कसे आहेत?"

नेरूळची_काकू
अबोली, डिंक तुपात नीट फुलला नाही की लाडू दगडच होतात गं. मंद आचेवर, थोडा थोडा टाकायचा. पण बाबांना माझा नमस्कार सांग.

कळवेकर
या निमित्ताने एक प्रश्न, डोहाळजेवणात वाट्या झाकून पेढा की बर्फी ओळखायला लावतात, त्यात पेढा म्हणजे मुलगा ना? आमच्याकडे दोन्ही वेळा बर्फी निघाली आणि दोन्ही मुलगे 😂

तुर्भे_लोकल
त्या खेळावर भरवसा नाही म्हणूनच तर लोक डॉक्टरला खोदून विचारायचे. १९९४ चा गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा आहे, सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाटी असते, तरी माझ्या मावशीने विचारलंच. डॉक्टरीणबाईंनी अशी झाडली की मावशी गप्प.

माझं वेगळं आहे. मला नऊ महिने नव्हते, साडेतीन वर्षं होती. दत्तक. 'कारा' म्हणजे दत्तक प्रक्रिया बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या पोर्टलवर नोंदणी, कागदपत्रं, मग समाजसेविका घरी येते. मी पडदे धुतले, टाक्या घासल्या. तिने टाक्यांकडे पाहिलंही नाही. विचारलं काय, तर "तुम्ही दोघं भांडलात की आधी कोण बोलतं?" आणि "मूल दत्तक आहे हे त्याला कधी सांगणार?" आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. त्या दिवसापासून खरं बोलायला लागलो आम्ही. बिल्डिंगला सांगायचं का, नणंदेच्या मुलांना काय सांगायचं, सगळं.

बाहेरून काही दिसत नाही त्यामुळे कुणी काळजीने विचारत नाही, हेही आहे. फक्त ठाणे-वाशीच्या लेडीज डब्यातल्या मैत्रिणींना माहीत होतं. एका सकाळी रबाळे गेल्यावर एकीने पिशवीतून नारळ, ब्लाऊजपीस, तांदूळ काढले आणि माझी ओटी भरली. उभ्या गर्दीत. एक अनोळखी मुलगी म्हणाली, "पोट तर दिसत नाही, डोहाळे कसले लागलेत?" मी म्हटलं, फोन वाजण्याचे.

फोन २०१९ मध्ये वाजला. लेक अकरा महिन्यांची होती. एचआरने तेव्हाचा कायदा दाखवला, २०१७ च्या दुरुस्तीप्रमाणे दत्तक आईला बारा आठवडे, पण बाळ तीन महिन्यांच्या आतलं हवं. म्हणजे मला शून्य. साठवलेली रजा टाकली.

कोपरीचा_गणू
आणि बापाला? खासगी कंपनीला कायद्याने काहीच बंधन नाही. माझा भाऊ केंद्र सरकारात, त्याला पंधरा दिवस. मला साहेबांनी विचारलं, "तू काय करणार घरी?" पेढे मात्र दोन खाल्ले.

खारघर_सेक्टरवाली
मे २०२० इथे कोण कोण? 🙋‍♀️ आमची तयारी म्हणजे सॅनिटायझर आणि फवारणी. डोहाळजेवण व्हिडिओ कॉलवर, साताऱ्याहून सासूबाईंनी फोनलाच हळदीकुंकू लावलं. स्क्रीनवर डाग अजून आहे. नवऱ्याला आत सोडलं नाही, तो पार्किंगमध्ये पाच तास. पण खरं सांगू का, सव्वा महिना कुणी बघायला आलं नाही, कुणी "दूध पुरतंय का?" विचारलं नाही. इतकी शांतता दुसऱ्या वेळी मिळाली नाही.

नेरूळची_काकू
आम्ही बघायला येतो ते प्रेमाने येतो हो

खारघर_सेक्टरवाली
काकू तुम्ही या, तुम्ही लाडू आणता.

बी_विंग_तिसरा_मजला
लिहू की नको असं चाललं होतं. बायकोला विचारून लिहितोय.

आमची सामाजिक तयारी जय्यत होती. माणसं हजर, मालिशवाली ठरलेली, दोन्हीकडच्या आया घरात. दुसऱ्या महिन्यात बायको बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. आमच्या घरात ठराविक वाक्यं: "बाळंतिणीने रडू नये, दूध आटतं." "सगळ्यांनाच होतं असं." पहिले आठ-पंधरा दिवस बऱ्याच जणींना होतं हे बरोबर, पण हिचं ओसरेना, उलट वाढत गेलं. टाके दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी दहा प्रश्नांचा कागद दिला. नऊ तिने भराभर भरले. दहाव्यावर पेन थांबलं. स्वतःला इजा करावीशी वाटली का, असा प्रश्न होता. मी बाजूलाच बसून मोबाइलवर स्कोअर बघत होतो.

समुपदेशन, गोळ्या, अंगावर पाजताना चालतील अशा. सहा-सात महिन्यांत सावरली. आता १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. तेव्हा नव्हता. त्या पोराला सांगा, बायको आंघोळीला जास्त वेळ लावत असेल तर दार वाजव.

अबोली_ऐरोली
🙏 वहिनींना सांगा, त्यांनी लिहू दिलं ते फार मोठं आहे.

तुर्भे_लोकल
हो. माझ्या बाबतीतही पहिले तीन महिने असंच होतं, आणि मी तर बाळंतीणही नव्हते. "एवढी वाट बघितलीस, आता रडतेस कशाला?" हे ऐकलंय.

कळवेकर
विषयांतराबद्दल माफी. सौ.ला सहाव्यात मामलेदारची तिखट मिसळ हवी म्हणून हट्ट, मी मीडियम आणली तर तीन दिवस अबोला. भावनिक तयारी हीच असेल तर झाली माझी.

कोपरीचा_गणू
मीडियम?? अबोला बरोबर आहे.

घोडबंदरचा_प्रवासी
सगळं वाचलं. बी विंग, तुमचं दोनदा. आज पोराला कॅन्टीनला बसवलं आणि शिंकेची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "दादा, मला वाटलं मलाच भीती वाटतेय." मग बाथरूमच्या दाराचंही सांगितलं. लिहून घेत होता येडा, मोबाइलमध्ये.

नेरूळची_काकू
पाळणा हवाय का त्याला? आमचा सागवानी आहे माळ्यावर, नातवंडं वापरून मोठी झाली. नेरूळहून न्यायचा मात्र त्यानेच.

घोडबंदरचा_प्रवासी
विचारतो काकू. रविवारी टेम्पो करू.

नेरूळची_काकू
दोऱ्या बदलून घ्या म्हणावं. कड्यांना थोडं तेल. आणि कळवेकर, बर्फी म्हणजे मुलगी असं म्हणतात हो, तुमच्याकडे वाट्याच उलट्या ठेवल्या असतील कुणीतरी.