शिकाऊ डॉक्टरने केलेली कॉल्पोस्कोपी: रिपोर्टवर विसंबावं का?

धनकवडीची_वहिनी: माझ्या जाऊबाईंची (वय ४१) गेल्या आठवड्यात पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात कॉल्पोस्कोपी (गर्भाशयाच्या मुखाची भिंगातून तपासणी) झाली. पॅपमध्ये (मुखावरच्या पेशींच्या तपासणीत) एचएसआयएल, म्हणजे हाय-ग्रेड, जास्त गंभीर बदल आले होते. तपासलं दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंट मुलीने. मॅडम शेवटी डोकावून गेल्या. एकच तुकडा काढला. बायोप्सीत सीआयएन १, म्हणजे पेशींतल्या बदलांची सगळ्यात सौम्य पायरी. घरात सगळे 'सुटलो' म्हणताहेत, मला झोप नाही. शिकाऊ हातातून काही निसटलं असेल का?

गायनॅक_सातारारोड: ताई, माझे रेसिडेन्सीचे दिवस आठवले. ॲसेटिक ॲसिड लावून पूर्ण मिनिटभर थांबायचं असतं; बाहेर रांग दिसली की मी आधीच बघायला लागायचे. बिघडलेल्या पेशींवर पांढरेपणा सावकाश चढतो. जाड, ठळक कडांचा पांढरा डाग कुठला आणि कोवळ्या मेटाप्लेझियाची (पेशींच्या नैसर्गिक बदलाची) साधी फिकट झाक कुठली, हे नजरेत बसायला शेकडो तपासण्या लागतात.

पण निसटतं ते सगळ्यांच्याच हातून. अमेरिकेत पॅपमध्ये सौम्य बिघाड आलेल्या बायकांवर आल्ट्स नावाची मोठी चाचणी झाली, तिच्यावरचा २००६चा अभ्यास आहे. दोन वर्षांत ज्यांच्यात सीआयएन ३ (कर्करोगाआधीची शेवटची पायरी) किंवा त्याहून गंभीर काही सापडलं, त्यांपैकी ७० टक्क्यांच्या आसपासच पहिल्या कॉल्पोस्कोपीत हाती लागल्या होत्या. तपासणारी नर्स होती की ऑन्कॉलॉजिस्ट, याने फारसा फरक पडला नाही. दोन किंवा जास्त तुकडे घेतले, तिथे पडला.

म्हणून मला ती मुलगी खुपत नाही, तो एकच तुकडा खुपतो. आणि पॅप हाय-ग्रेड असताना बायोप्सी सीआयएन १, हे जुळत नाही. याला सुटका म्हणू नका. पॅपची स्लाइड आणि बायोप्सी दोन्ही पुन्हा बघायला सांगा. कागदावर ट्रान्सफॉर्मेशन झोनचा (मुखावरच्या ज्या पट्ट्यात हे बदल सुरू होतात त्याचा) टाइप आणि स्वीड स्कोअर (कॉल्पोस्कोपीत दिसलेल्याला दिलेले गुण) लिहिलाय का? टाइप ३ म्हणजे झोन आत सरकलेला, पूर्ण दिसलेलाच नाही.

कोथरूडची_मी: माझीही रेसिडेंटनेच केली होती. आयोडीन लावल्यावर पिवळा राहिलेला, म्हणजे संशयाचा, भाग तिने मला स्क्रीनवर दाखवला, मॅडमना दोनदा हाक मारली, चार तुकडे घेतले. त्यातल्या एकात सीआयएन ३ निघालं. त्या पोरीचे उपकार विसरणार नाही.

धनकवडीची_वहिनी: कागद काढला. टाइप ३ लिहिलंय. स्कोअरची जागा कोरी आहे.

गायनॅक_सातारारोड: मग थांबू नका. पिशवीच्या तोंडाच्या आतल्या भागाचा नमुना घ्यावा लागेल, कदाचित लीप (तारेच्या विजेच्या कडीने तो भाग काढणं) किंवा कोनायझेशनही (शंकूच्या आकाराचा तुकडा काढणं). आधीची स्लाइड सोबत न्या.

धनकवडीची_वहिनी: सोमवारी सकाळी ओपीडीत जातोय. जाऊबाईंना आज रात्री सांगते.