महामारीचे पहिले काही आठवडे : रुग्णालयाने सर्वांत आधी काय ठरवावे?

प्रश्न (नियोजनकर्ता)

सुमारे दोनशे खाटांच्या एका सर्वसाधारण रुग्णालयाच्या आपत्ती नियोजन समितीवर मी प्रशासनाच्या वतीने काम करतो. नव्या साथीसाठीचा आराखडा पुन्हा लिहिण्याचे काम सध्या सुरू आहे आणि दर बैठकीत चर्चा खाटा किती वाढवता येतील व व्हेंटिलेटर किती लागतील या दोन आकड्यांवर येऊन थांबते. मला मात्र त्याआधीच्या काळाची चिंता वाटते. रोगाच्या बातम्या येत आहेत, चाचणीची सोय एखाद्याच दूरच्या प्रयोगशाळेत आहे, आपल्याकडे निश्चित निदान झालेला एकही रुग्ण नाही आणि वरून येणाऱ्या सूचना दर दोन दिवसांनी बदलत आहेत, अशा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रुग्णालयाने नेमके काय ठरवले म्हणजे पुढची हानी कमी होते? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. लस आणि औषधे यांचा विचार येथे अपेक्षित नाही, कारण त्या टप्प्यावर दोन्ही हाताशी नसतात.

प्रतिसाद 1 (संसर्ग नियंत्रण)

आपली चिंता रास्त आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत रुग्णालयाचा सर्वांत नाजूक भाग अतिदक्षता विभाग नसतो. प्रवेशद्वारापासून तपासणीच्या खोलीपर्यंतचा पट्टा हाच तो भाग, कारण ज्याच्याविषयी अजून कोणालाच संशय आलेला नाही असा रुग्ण याच पट्ट्यात इतरांच्या शेजारी तासन्‌तास बसलेला असतो. मार्च 2003 मध्ये टोरांटोच्या स्कारबरो ग्रेस रुग्णालयात नेमके हेच घडले. सार्स (विषाणूमुळे होणारा श्वसनाचा गंभीर आजार) झालेला, परंतु निदान न झालेला एक रुग्ण आपत्कालीन विभागात बराच काळ खाटेची वाट पाहत राहिला, त्याला तेथेच नेब्युलायझरने (औषधाचे बारीक तुषार करून ते श्वासावाटे देणाऱ्या यंत्राने) औषध देण्यात आले आणि आसपासच्या रुग्णांना लागण होऊन पुढची साखळी सुरू झाली. त्याच महिन्यात हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयातील एका सर्वसाधारण वॉर्डमध्ये दाखल असलेल्या एकाच रुग्णापासून शंभराहून अधिक जण बाधित झाले आणि त्यांत डॉक्टर, परिचारिका व वैद्यकीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. 2015 मध्ये दक्षिण कोरियात मर्स या सार्ससारख्याच विषाणूजन्य आजाराची साथ आली, तेव्हा देशभरातील 186 रुग्णांपैकी 82 जणांना झालेली लागण सोल येथील एका मोठ्या रुग्णालयाच्या गजबजलेल्या आपत्कालीन विभागातील एका रुग्णाकडे नेऊन पोहोचवता आली. या तिन्ही ठिकाणी साखळी सुरू झाली ती संशय न आलेल्या एका रुग्णापासून, हे आपल्या समितीसमोर अवश्य ठेवावे.

यावरून निघणारे निर्णय साधे आहेत, फक्त ते नोंदणीच्या खिडकीच्या आधी अमलात यावे लागतात. ताप, खोकला किंवा धाप असलेल्या प्रत्येकाला दारातच मास्क द्यावा आणि त्याची वाट, बसण्याची जागा, शौचालय व क्ष-किरण तपासणीची वेळ वेगळी ठेवावी. लक्षणांविषयी रांगेत बसवून झाल्यावर विचारले, तर त्याचा निम्मा उपयोग संपलेला असतो. सर्वसाधारण वॉर्डमध्ये नेब्युलायझर वापरणे त्याच दिवशी थांबवावे आणि शक्य तेथे स्पेसरसह (इनहेलरला जोडायच्या पोकळ नळीसह) इनहेलर वापरावा. हवा खेचून बाहेर टाकणाऱ्या, ऋण दाबाच्या खोल्यांसाठी तासाला 12 वेळा हवा बदलण्याचा निकष सांगितला जातो. अशी खोली नसल्यास दार बंद करता येईल व खिडकी बाहेरच्या मोकळ्या जागेत उघडेल अशी खोली निवडावी, पण ती आजच निवडून तिच्यावर खूण करून ठेवावी.

दुसरी गोष्ट संशयित रुग्णाच्या व्याख्येची. सुरुवातीची व्याख्या बहुधा प्रवासाशी बांधलेली असते आणि जोवर बाधित देशातून आलेला माणूस सापडत नाही तोवर चाचणी करायची नाही, असा तिचा व्यवहारातला अर्थ होतो. फेब्रुवारी 2020 मध्ये उत्तर इटलीतील कोदोन्यो येथे एका 38 वर्षांच्या रुग्णाचा न्यूमोनिया कोणत्याही उपचारांना दाद देईना, तेव्हा तेथील भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी तो निकषांत बसत नसतानाही चाचणीचा आग्रह धरला आणि विषाणू स्थानिक पातळीवर आधीच पसरलेला आहे हे त्यातून उघड झाले. म्हणून आराखड्यात असे वाक्य असावे की, कारण न सापडलेला गंभीर न्यूमोनिया हा प्रवासाचा इतिहास असो वा नसो, संशयितच मानला जाईल. सरकारी व्याख्या चाचणीपुरती पाळावी लागते; विलगीकरण मात्र आपल्या हातात असते.

एक सावधगिरी येथे नोंदवतो. सार्सचा रुग्ण आजाराच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक संसर्गजन्य असे, त्यामुळे आजारी माणूस ओळखून वेगळा करणे बऱ्याच अंशी पुरे पडले. कोविडमध्ये लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच संसर्ग होऊ शकत होता आणि तेथे दारावरचा तापमापक अपुरा ठरला. नवा रोग या दोहोंपैकी कोणासारखा वागणार हे पहिल्या आठवड्यात कोणीही सांगू शकत नाही. त्यामुळे स्पष्ट पुरावा येईपर्यंत रुग्णसेवेतील सर्वांनी मास्क वापरावा, ही भूमिका मला अधिक सुरक्षित वाटते.

प्रतिसाद 2 (भूलतज्ज्ञ)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु दारावर कितीही दक्षता घेतली तरी साथ मोठी असेल तर रुग्ण आत येणारच आणि तेव्हा व्हेंटिलेटरच्या आधी ऑक्सिजन कमी पडतो. समितीने हिशोब करावयाचा असेल तर तो लिटरमध्ये करावा. दर मिनिटाला 10 लिटर ऑक्सिजन लागणाऱ्या एका रुग्णाला दिवसाला 14,400 लिटर लागतात, म्हणजे सुमारे 7,000 लिटरचे दोन जंबो सिलिंडर. असे तीस रुग्ण एकाच वेळी असतील तर दिवसाला साठाहून अधिक सिलिंडर बदलावे लागतील आणि ते उतरवणारी, जोडणारी व रिकामे परत पाठवणारी माणसे आपल्याकडे रात्री तीन वाजता आहेत का, हा खरा प्रश्न असतो. हाय-फ्लो नेझल कॅन्युला (नाकावाटे मोठ्या प्रवाहाने ऑक्सिजन देणारी नळी) मिनिटाला 60 लिटरपर्यंत प्रवाह देते. शुद्ध ऑक्सिजनवर ती पूर्ण क्षमतेने चालवल्यास एका रुग्णामागे एक जंबो सिलिंडर दोन तासही टिकत नाही.

द्रवरूप ऑक्सिजनची टाकी असली म्हणजे प्रश्न सुटला, असाही समज आढळतो. एक लिटर द्रवापासून साधारण 860 लिटर वायू मिळतो हे खरे, परंतु तो किती वेगाने मिळेल हे व्हेपोरायझर (द्रवाचा वायू करणारे उपकरण) ठरवतो. मागणी त्याच्या क्षमतेपलीकडे गेली की त्यावर बर्फ साचू लागतो, वायूचा प्रवाह घटतो आणि टाकी भरलेली असूनही शेवटच्या वॉर्डमध्ये दाब उतरतो. नळवाहिनीचा व्यास हीदेखील अशीच एक मर्यादा आहे. सर्वाधिक ऑक्सिजन लागणारे रुग्ण जेथे ठेवायचे ठरले आहे, तो वॉर्ड मुख्य वाहिनीपासून किती दूर आहे आणि एकाच वेळी किती प्रवाह तेथे पोहोचतो, याची चाचणी अभियंत्याकडून साथीच्या आधी करून घ्यावी. इमारतीच्या नकाशावर जागा मोकळी दिसली म्हणून तेथे तीस खाटा मांडणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही.

व्हेंटिलेटरविषयी एवढेच सांगतो की, यंत्र विकत घेता येते, पण ते चोवीस तास चालवणारी प्रशिक्षित माणसे तयार होण्यास काही महिने लागतात. फुप्फुसांतून ऑक्सिजन अधिक मिळावा म्हणून रुग्णांना पालथे झोपवण्याचे प्रशिक्षण मात्र थोड्या दिवसांत देता येते आणि त्याला यंत्र लागत नाही.

प्रतिसाद 3 (परिचारिका अधीक्षक)

वरील दोन्ही प्रतिसादांत कर्मचारी ओघाने आले आहेत. माझ्या मते आराखड्याची सुरुवातच त्यांच्यापासून व्हावी, कारण एका वॉर्डमधील दहा जणी एकदम अलगीकरणात गेल्या की तो वॉर्ड बंद होतो, मग ऑक्सिजन असो वा नसो.

पीपीई किट चढवण्याचे प्रात्यक्षिक सगळीकडे होते. धोका मात्र ते उतरवताना अधिक असतो, कारण त्या वेळी कामाची पाळी संपलेली असते, माणूस घामाने थबथबलेला असतो आणि हात आपोआप चेहऱ्याकडे जातो. उतरवण्याच्या जागी क्रम मोठ्याने वाचून दाखवणारी दुसरी व्यक्ती उभी असावी, असा नियम करावा आणि त्या व्यक्तीला दुसरे कोणतेही काम देऊ नये. एन-95 मास्क 0.3 मायक्रॉनचे किमान 95 टक्के कण अडवतो, हे त्याच्या कापडाविषयीचे विधान आहे. चेहऱ्याच्या कडेने हवा आत शिरत असेल तर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. म्हणून कोणाला कोणत्या आकाराचा मास्क बसतो याची यादी आधीच करून ठेवावी. भांडारातला साठा एकाच आकाराचा असेल तर तो निम्म्या लोकांसाठी नसल्यासारखाच समजावा.

सफाई कर्मचारी, वॉर्डबॉय, लिफ्टचालक, सुरक्षारक्षक, रुग्णवाहिकेचा चालक आणि शवागारात काम करणारे हे सारे संसर्गाच्या वाटेवर असतात, पण प्रशिक्षणाच्या यादीत त्यांची नावे शेवटी येतात किंवा येतच नाहीत. यांपैकी बरेच जण कंत्राटी असतात आणि गैरहजेरीचा पगार कापला जात असल्यामुळे अंगात ताप असतानाही कामावर येतात. आजारपणाची पगारी रजा कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू केली जाईल, हा आदेश पहिल्याच दिवशी निघाला पाहिजे. समितीतील लेखा विभागाला तो खर्च वाटेल. मी त्याला संसर्ग नियंत्रणाचा उपाय म्हणते. एकत्र बसून जेवण्याच्या आणि कपडे बदलण्याच्या खोल्यांकडेही असेच दुर्लक्ष होते. वॉर्डमध्ये काटेकोर राहणारी माणसे तेथे मास्क काढून दाटीवाटीने बसतात आणि लागण तेथे होते.

ठरलेल्या गटांनी नेहमी एकत्रच काम करावे आणि गटांची अदलाबदल करू नये, म्हणजे एक गट बाहेर पडला तरी दुसरा उरतो. सूचना रोज एकाच ठरावीक वेळी, एकाच कागदावर, तारीख व क्रमांक टाकून निघाव्यात. जुना कागद त्याच वेळी भिंतीवरून काढावा. नातेवाइकांना भेटू दिले जाणार नसेल, तर रुग्णाची माहिती फोनवर कोण देणार आणि किती वाजता देणार, हेही त्याच आदेशात असावे. अन्यथा तो सगळा ताण वॉर्डमधील सिस्टरवर येतो.

नियोजनकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ऑक्सिजनचा हिशोब आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या रजेचा मुद्दा आमच्या मसुद्यात नव्हता. दोन गोष्टी अजून विचारतो. नियोजित शस्त्रक्रिया केव्हा थांबवाव्यात, आणि निश्चित निदान झालेला एकही रुग्ण नसताना एक संपूर्ण वॉर्ड रिकामा करण्याचा निर्णय घेण्याचे धाडस कोणी करायचे?

प्रतिसाद 4 (शल्यचिकित्सक)

पहिल्या प्रश्नाबाबत, सर्व शस्त्रक्रिया सरसकट थांबवा या नेहमीच्या सल्ल्यापेक्षा माझे मत थोडे वेगळे आहे. 2020 मध्ये अनेक देशांतील रुग्णालयांची एकत्रित माहिती तपासली गेली, तेव्हा शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोविड झालेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना फुप्फुसाची गुंतागुंत झाल्याचे दिसले आणि मृत्यूचे प्रमाणही फार मोठे होते. तेव्हा थांबवण्यामागे कारण आहे, हे मला मान्य आहे. परंतु सरसकट बंदीचा आदेश काढणे सोपे असते आणि तो मागे घेणे अवघड. कर्करोगाचा रुग्ण आणि हर्नियाचा रुग्ण यांची नियोजित शस्त्रक्रिया एकाच यादीत असते, म्हणून चार आठवडे, तीन महिने आणि त्याहून अधिक काळ थांबू शकणारे, अशी विभागणी प्रत्येक शाखेने आजच करून ठेवावी. हृदयविकाराच्या झटक्यानंतरही लोक भीतीपोटी रुग्णालयात येण्याचे टाळतात, हे त्या वर्षी अनेक देशांत दिसले. अशा रुग्णांसाठी वेगळे दार उघडे आहे, हे जाहीरपणे आणि वारंवार सांगावे लागते.

प्रतिसाद 5 (संसर्ग नियंत्रण)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, धाडसावर विसंबण्याची वेळच येऊ देऊ नये. निर्णय कशाने सुरू होईल हे शांततेच्या काळात लिहून ठेवावे. उदाहरणार्थ, कारण न सापडलेल्या गंभीर न्यूमोनियाचे दोन रुग्ण एका आठवड्यात दाखल झाले, किंवा एकाच वॉर्डमधील दोन-तीन कर्मचारी एकाच सुमारास तापाने आजारी पडले, तर ठरलेला वॉर्ड रिकामा करण्यास सुरुवात होईल. आकडा दोन असावा की तीन, यावर वाद घालता येईल आणि तो आधीच घालावा. मात्र एकदा ठरल्यावर रात्रपाळीच्या ज्येष्ठ डॉक्टरांना कोणालाही न विचारता तो आदेश देता आला पाहिजे आणि संशय खोटा ठरला तरी त्यांना कोणी जाब विचारणार नाही, हे व्यवस्थापनाने लेखी दिले पाहिजे.

निर्बंध उठवण्याचा निकषही त्याच कागदावर असावा. टोरांटोमध्ये मे 2003 मध्ये साथ ओसरली असे समजून रुग्णालयांतील खबरदारी सैल करण्यात आली आणि नॉर्थ यॉर्क जनरल रुग्णालयात लक्षात न आलेल्या रुग्णांमुळे दुसरी लाट सुरू झाली. इटलीतील बेर्गामोच्या मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांनी मार्च 2020 मध्येच जाहीरपणे लिहिले होते की, रुग्णालये स्वतःच संसर्ग वाहून नेत असू शकतात आणि सौम्य आजाराच्या रुग्णांची काळजी घरी घेतली गेली पाहिजे. वुहानमध्ये फेब्रुवारी 2020 पासून प्रदर्शन केंद्रे व क्रीडागृहे यांत सौम्य रुग्णांसाठी तात्पुरती रुग्णालये उघडण्यात आली, त्यामागे हे रुग्ण घरातील माणसांपासून वेगळे राहावेत आणि मोठ्या रुग्णालयांतील खाटा गंभीर रुग्णांसाठी मोकळ्या राहाव्यात, असा दुहेरी हेतू होता. आपल्या दोनशे खाटांच्या रुग्णालयाला असे केंद्र उभारणे शक्य नाही, पण ज्याला दाखल करण्याची गरज नाही त्याला कोणत्या सूचना देऊन परत पाठवायचे, त्याच्या घरी फोन कोण करणार आणि धाप वाढली तर तो कोणत्या दाराने परत येणार, एवढे तरी आराखड्यात नमूद करता येते.