जानेवारीचं आधी मिटवा

शुभाताई: सहलीच्या यादीत मालदीव, माहे आणि मॉरिशस, तिन्हींपुढे पुन्हा "जानेवारी, कोरडा" आलंय. परवा मी खोडलं होतं. कोणी लिहिलं?

नंदूकाका: मी. उष्णकटिबंधात बारा महिने सारखंच तापमान, त्यात एवढं चिडण्यासारखं काय?

शुभाताई: काका, तापमान सारखं असतं, पाऊस नाही. मालदीवला जानेवारी ते मार्च ईशान्य मोसमी वारे, तिथे कोरडंच, ते बरोबर. पण सेशेल्समधल्या माहेला त्याच जानेवारीत वायव्येचे वारे आणि वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस. महिन्याला ४०० मिमीच्या आसपास, जुलैत ८०. मॉरिशसला नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि पावसाळा एकत्रच.

अप्पा: महिना नंतर. आधी वारा कुठून येतो ते बघा.

मिनूमावशी: आणि वादळं? मला त्याचीच काळजी आहे.

शुभाताई: मावशी, माहे विषुववृत्तापासून साडेचार अंशांवर. इतक्या जवळ पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला मिळणारा पीळ फार कमी, त्यामुळे वादळ चक्र धरत नाही. दूरच्या वादळाचे ढग येऊन झोडपतात, तेवढं होतं. मॉरिशस वीस अंशांवर आहे, तिथे धोका खरा.

रोहन: शेजारचं रियुनियन बेट विसरलात. तिथलं फोक-फोक, ७-८ जानेवारी १९६६, २४ तासांत १८२५ मिमी. जागतिक विक्रम. जानेवारी!!

नंदूकाका: विक्रम चेरापुंजीचा आहे. शाळेत शिकवलं नाही का?

रोहन: तो बारा महिन्यांचा. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१, २६,४६१ मिमी. मी एका दिवसाचं बोलतोय. तीन दिवसांचाही रियुनियनचाच, फेब्रुवारी २००७, गामेद वादळ, ३,९३० मिमी.

नंदूकाका: म्हणजे माझंही चूक नाही.

अप्पा: दोन्ही ठिकाणी वाऱ्याच्या तोंडाला डोंगर आहे. म्हणून म्हणतो, आधी वारा कुठून येतो ते बघा.

मिनूमावशी: अप्पा, तेच वाक्य दुसऱ्यांदा. एकदा नीट सांगा ना.

अप्पा: सांगतो. हवाईचं मोठं बेट घ्या. ईशान्येचे व्यापारी वारे समुद्रावरून ओल घेऊन येतात, डोंगर चढताना थंड होतात आणि अलीकडेच रिते होतात. त्या बाजूच्या हिलोला वर्षाला ३,००० मिमीच्या वर. पलीकडे उतरताना हीच हवा तापते, सुकते. कावाईहाएला हिलोच्या दहाव्या हिश्शाइतकाही पाऊस नाही. बेट एकच! आणि जितकं उंच तितका पाऊस असंही नाही. साधारण २,००० मीटरच्या वर उबदार हवेचं झाकण असतं, ढग त्याखालीच अडकतात. म्हणून ४,२०७ मीटरच्या मौना केआचा माथा कोरडा, आणि पाऊस मधल्या उतारांवर.

शुभाताई: सुंदर सांगितलंत अप्पा, पण सगळीकडे लागू होत नाही. त्याच बेटाच्या कोना किनाऱ्यावर पाऊस उन्हाळ्यात जास्त, कारण तिथे दुपारी समुद्रावरचा स्थानिक वारा उतार चढतो. आणि मालदीवला कसला डोंगर? सगळ्यात उंच जमीन अडीच मीटरसुद्धा नाही.

अप्पा: डोंगर नसेल. वारा आहेच ना?

नंदूकाका: मग मॉरिशस रद्द करून टाका सरळ.

शुभाताई: रद्द कशाला? ऑक्टोबर लिहा, तिथला सगळ्यात कोरडा महिना. मुक्काम पश्चिमेला. बेटाची सरासरी २,००० मिमी दिसते ती फसवी आहे. मधल्या पठारावर ४,०००, पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम ९००.

रोहन: आणि निघण्याआधी एल निनो बघा, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलंय का ते; गार असेल तर ला निना. सरासरी कोलमडते. तिथल्याच किरिबाती देशाच्या तारावा बेटावर एल निनोत धो धो पाऊस आणि ला निनात दुष्काळ, विहिरी खारट होतात. इंडोनेशियाच्या बऱ्याच बेटांवर नेमकं उलटं.

मिनूमावशी: विहीर खारट का होते पण?

रोहन: मावशी, मुरलेलं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. समुद्रपातळीच्या वर १ मीटर गोडं असेल तर खाली ४० मीटर, हा कागदावरचा हिशेब. भरती-ओहोटी ते घुसळते, म्हणून प्रत्यक्षात थर पातळच. पाऊस लांबून वरची पातळी वीतभर उतरली, की खालचं खारं पाणी त्याच प्रमाणात, चाळीस पट वर सरकतं. त्यात उपसा चालूच.

नंदूकाका: विहिरी राहू द्या. यादी बदलली. मालदीव फेब्रुवारी, मॉरिशस ऑक्टोबर, माहे जुलै. आता कोणी खोडू नका.

शुभाताई: धन्यवाद काका. फक्त माहेपुढे "वायव्य किनारा, बो व्हालोंची बाजू" एवढं जोडा. जुलैत आग्नेयेचे वारे जोरात असतात, आग्नेयेच्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो, पोहणं अवघड.

अप्पा: मी सकाळपासून दुसरं काय सांगतोय?

नंदूकाका: जोडलं.