ट्रकमधली माणसं

कुणीतरी विचारलंय, की केपटाउन ते व्हिक्टोरिया फॉल्स अशा तंबूत राहायच्या ट्रक-सहलीत अनोळखी लोकांबरोबर एकाच ट्रकमध्ये निभतं कसं. मजेत निभतं, कारण कामं वाटलेली असतात. तंबू आपला आपण ठोकायचा, कांदे चिरायचे, भांडी घासायची. पुसायला फडकं नसतं. सगळे ताटं हवेत हलवून वाळवत उभे राहतात. त्या अवस्थेत कोण किती आढ्यतेखोर राहणार?

आमच्यात एक अबोल जर्मन आजोबा होते. नामिबियातल्या स्वाकोपमुंड गावच्या बेकरीत त्यांच्याच भाषेत उत्तर मिळालं आणि ते जे बोलू लागले, ते थांबेचनात. नामिबिया १८८४ ते १९१५ जर्मन वसाहत होती. त्या काळात जर्मनांनी केलेल्या हेरेरो आणि नामा या स्थानिक लोकांच्या कत्तलींचा विषयही त्यांनीच काढला, आम्ही नाही.

पण मला सर्वांत आवडला तो झिम्बाब्वेचा ड्रायव्हर. २००९ साली निघालेली शंभर लाख कोटी डॉलरची नोट तो पाकिटात बाळगायचा आणि म्हणायचा, "मी इथला सगळ्यात श्रीमंत!" महागाईत वडिलांचं पेन्शन कसं मातीमोल झालं, हेही त्याने त्याच सुरात सांगितलं.

बोट्स्वानातल्या ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात मोकोरो ही अरुंद होडी वल्हवणाऱ्या ताईंकडून कळलं, की पूर्वी ही होडी झाडाचं खोड कोरून करत. आता झाडं वाचावीत म्हणून बऱ्याच फायबरच्या असतात. अंगोलातल्या पावसाचं पाणी तिथे कित्येक महिन्यांनी, ऐन कोरड्या हिवाळ्यात पोचतं.

शाकाहारी असाल तर स्वयंपाक्याशी पहिल्याच दिवशी बोलून ठेवा. लोणच्याची बाटली मात्र लपवून ठेवा, ऑस्ट्रेलियन पोरं फस्त करतात.