मदत हवी आहे: नागपूरच्या बेसातल्या नव्या घरांच्या स्कीमसाठी विटेचा रंग कोणता?

बेसाकर: समोरच्या भिंतीला प्लास्टर नाही, वीट उघडीच राहणार. बिल्डरनं नमुने ठेवले आहेत: लाल, राखाडी, पिवळसर. शुक्रवारी ऑर्डर जाणार आणि आमच्यात एकमत होत नाही. लवकर सांगा.

साइटवरचा: खरी वीट की वरून चिकटवायची टाइल? भिंत कोणत्या तोंडाला? सांगितल्याशिवाय काय बोलणार भाऊ?

बेसाकर: खरी वीट. राखाडी म्हणजे फ्लायॲश. रंग सांगा न.

कोराडी रोड: फ्लायॲशच घ्या. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या कोळशाची ही राख आपल्याच उशाशी पडून आहे. वीट साच्यात दाबून बनते, भट्टीत भाजत नाही, म्हणून माप एकसारखं अन् सांधे सरळ येतात. शेतातली वरची माती खरवडायची गरज नाही.

जुना मिस्त्री: प्लास्टरखाली चालते जी, उघडी काहून ठेवून राहिले? पावसात ओल धरली की डाग दिसतात. लाल रंग मातीतल्या लोहाचा, भाजल्यावर येतो. उन्हानं उडत नाही.

कोराडी रोड: लाल विटेला लोणा लागतो, त्याचं काय?

जुना मिस्त्री: तपासून घ्या न. उथळ ताटलीत बोटभर पाण्यात वीट उभी ठेवा, पाणी आटू द्या. पांढरे क्षार वर आले तर ती भट्टी सोडा. दुसरी वीट 24 तास पाण्यात बुडवा. वजन 20 टक्क्यांहून जास्त वाढायला नको.

गच्चीवाली: भिंत पश्चिमेला असेल तर फिकाच रंग घ्या. मे महिन्यात 45 अंशांत गडद भिंत रात्रीपर्यंत आग ओकते. आमच्या घरी मुलं त्या खोलीत झोपत नाहीत.

साइटवरचा: ताई, नुसत्या रंगानं भागत नाही. भिंत दुहेरी करून मधे पोकळी ठेवा, वर छज्जा द्या.

मानेवाडा: महारेराच्या साइटवर प्रकल्पाची नोंद पाहिली का? कार्पेट एरियाही ताडून घ्या.

बेसाकर: ते झालं. भिंत पश्चिमेलाच आहे. पिवळसर बरी वाटते मग.

जुना मिस्त्री: आधी फोडून बघा. मातीत चुना असला की भाजून पिवळी होते, ती चांगली. काही मात्र वरून रंगवतात.

बेसाकर: आत्ताच फोडली. आत लाल आहे.

जुना मिस्त्री: मग ती नकोच. अन् एकेका विटेवरून ठरवू नका. भट्टीच्या प्रत्येक खेपेत छटा बदलते. चार बाय चार फुटांची नमुना भिंत मागा अन् सगळा माल एकाच खेपेचा लिहून घ्या.

बेसाकर: मागतो. बिल्डर म्हणेल शुक्रवार टळेल, टळू द्या. ती भिंत लाल अन् राखाडी दोन्हीची मागू का?